उघडी ठेवलेली जखम

न्हाव्यानं नवऱ्याची किडकी दाढ उपटली आणि दोन-चार दिवसांत त्यांची मान सुजून डोक्याएवढी झाली. भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, सुजेवर बिब्बा लावला, वरून डागही दिला. कातडी जळाली, ताप चढला, थुंकी गिळवेना. "दवाखान्यात न्या," म्हणून मी सासूपाशी कपाळ आपटलं. भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही रीत. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

शेवटी छकडा जुंपला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मान दाबली तसं कातडीखाली करकर वाजलं.

"पू छातीत उतरतोय. क्लोरोफॉर्म दिला तर श्वास बंद पडेल. शुद्धीतच कापतो."

चौघांनी त्यांना टेबलावर दाबलं, डोकं मी धरलं. कानाखालून गळ्याच्या खळगीपर्यंत सुरी फिरली. दातखीळ बसलेली, तोंड उघडेना. ते नाकातून हंबरले. एकाला लाथेनं भिंतीवर फेकलं. एक हात सुटला, त्यानं माझे मूठभर केस उपटले. डॉक्टरांनी छातीच्या हाडामागं बोट खुपसलं आणि भसकन पू उडाला, माझ्या तोंडावर, पदरावर. घाणीनं एक जण ओकला. मी डोकं सोडलं नाही.

"जखम शिवायची नाही," डॉक्टर म्हणाले, "वरून मिटली की पू पुन्हा छातीत जाईल आणि माणूस मरेल." आत रबरी नळी ठेवली. पू छातीत न उतरता बाहेर वाहावा म्हणून खाटेच्या पायथ्याशी विटा लावून डोकं खाली केलं. मी डोळ्यांत तेल घालून त्या भोकाची राखण करू लागले.

उघडं मांस पाहून भासऱ्यांचं डोकं फिरलं. एका दुपारी डॉक्टर खेड्यावर गेले होते. दवाखान्याच्या आवारात माझी चूल पेटलेली होती, तिच्यातच भासऱ्यांनी इळा लाल केला.

"कापलं अन् तसंच सोडलं! डागून बंद करतो."

ते खाटेकडे वळले. मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्यांच्या मनगटावर हाणलं. इळा पडला. डोक्यावरचा पदर कधी गेला, कळलं नाही.

"मांगं सरा! जखमेले हात लावसान तं तोंड जाळीन तुमचं!"

माझा त्यांच्याशी हा पहिला शब्द. लाज वाटायला हवी होती. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

जखम आतून भरत आली. नवरा आपल्या पायांनी घरी आला. भासऱ्यांनी भाजलेलं मनगट पुढं केलं, वर तिखटमीठ लावून सारं सांगितलं. नवऱ्यानं खुंटीवरचा चाबूक काढला, दाराला कडी घातली.

"मोठ्या भावावर हात उचलते काय वं?"

दवाखान्यात पाणी मागतानाही त्यांना दम लागायचा. त्या दिवशी मार खाता खाता दम मला लागला, मारताना त्यांना साधी धापही लागली नाही. छाती अगदी साफ झाली होती.