आत्याची लाथ

अख्ख्या वसई तालुक्यात माझ्या आत्याइतक्या रागाने कुणी कुणाला बरं केलं नसेल. ती चिंचोटीत राहते आणि पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने कमरेत लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे भातलावणीत तिच्या ओट्यावर वाकडी झालेली माणसं उभी असतात आणि आत्या लाथेआधी शिव्या देते. गोण उचलून आलेल्याला, "गुडघे काय देवाला वाहिलेस? कमरेत कशाला वाकतोस?" मोबाइलवर मान मोडून बसणाऱ्या आपल्या वालीवच्या जावयाला तर तिने उसण नसतानाच एक ठेवून दिली. "पुढची आजच घे, परत येऊ नको."

मी घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली, फिजिओथेरपीला. मणक्यांमध्ये गाद्या असतात, असं तिला भीत भीत सांगायला गेले, तर म्हणाली, "मनक्यात गाद्या? मग मी चटईवर का निजते?" उसण बहुतेक वेळा आपोआपच उतरते, हे बोलायची मग माझी हिंमतच झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे असताना चिंचोटीच्या धबधब्यावर घसरून आपटलेल्या एका मुलाला मित्रांनी हातपाय धरून झुलवत आणलं आणि ओट्यावर पालथा घातला. "मावशी, जल्दी एक लाथ मारा ना!"

"दारू पिऊन दगडावर नाचता तुम्ही, आनि लाथ मी मारू?" म्हणत तिने पदर खोचला, पाय उचलला. तेवढ्यात तो मुलगा कण्हला, "पाय बधिर झालेत."

"आत्या, पाय खाली ठेव!" मी ओरडले. "मणका मोडला असेल त्याचा."

आमच्या घरात तिच्यावर कुणी ओरडत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की लाथ आता मलाच, असं वाटलं. पण पाय खाली आला आणि राग मित्रांवर वळला. "झुलवत काय आनलात, बोचकं हाय का? आता हात लावाल तर बघा!" ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्याजवळ पहारा देत बसली.

काही दिवसांनी त्या मुलाच्या मित्राचा फोन आला. मणका खरंच मोडला होता. ऑपरेशन झालं, पाय हलताहेत. मी सांगितलं तेव्हा आत्या भाजी निवडत होती.

"मी मारली असती तर?"

मी तिच्याजवळ बसले.

"आनि आधी मारल्या त्या?"

"ते सगळे चालत गेले, आत्या."

"घरी गेल्यावर?"

"घरीही चालतच असतील," मी म्हटलं. एरवी असल्या उत्तरावर तिने मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली, आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.