उमसुनाईच्या हातचा घास

बातकेन गावाला सून म्हणून आली तेव्हापासून मेजवानीच्या मेंढीची आतडी धुवायचं काम उमसुनाईच्याच गळ्यात पडलं होतं. तिला ते आवडायचंही. टोपली घेऊन ती पाटाच्या पाण्याकाठी बसली की गल्लीतली पोरं भोवती गोळा व्हायची, आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"हे पोट. इथं घास घुसळला जातो, आंबट रसानं त्याची पेज होते. मेंढीला अशा चार पिशव्या, आपल्याला एकच. म्हणून चावून खा रे, हावरटांनो!"

"आणि हे लांबडं?" पोरांमधल्या तालायबेकनं विचारलं.

"लहान आतडं. आतून मखमलीसारखं मऊ असतं. अन्नातलं सत्त्व तिथं शोषलं जातं, रक्तात जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात. तिथं पाणी आटतं, आणि पुढचं तुला चांगलं ठाऊक आहे!"

पोरं खिदळली. तिची नात नुरिझा मात्र काळजाला, म्हणजे यकृताला, चिकटलेली हिरवी पिशवी बघत होती.

"आजी, ही कशाला?"

"पित्ताची आहे ती. काळजात पित्त बनतं, इथं साठतं. चरबी पचवायला लागतं."

"आणि काळीजच आजारी असलं तर?"

उमसुनाईनं मान खाली घालून आतडं पुन्हा धुतलं. ते स्वच्छच होतं.

वसंतात नुरिझाला कावीळ झाली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी चरबी द्यायची नाही म्हणून बजावलं होतं. पण पोर घरी आली, मेंढी कापली, आणि आनंदाच्या भरात उमसुनाईनं जाड शेपटातल्या चरबीचा मूठभर घास तिच्या तोंडात कोंबला. वडीलधाऱ्यांनी हातानं भरवलेलं नाकारायचं नसतं. दुसऱ्या दिवशी पोर कळवळत पुन्हा दवाखान्यात गेली. "हिरवे जर्दाळू खाल्लेस ना, खादाडे?" म्हणून तिची आई कुलझान सगळ्यांदेखत तिच्यावर बरसली. आतड्याकाळजाची गल्लीला ओळख करून देणारी उमसुनाई शेजारी बसून ऐकत राहिली. तेव्हापासून तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

आज पोर पुन्हा बरी होऊन आली होती, म्हणूनच ही मेंढी कापली होती. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मांसाचं ताट आलं.

"आई, नातीला भरवा की!" कुलझान म्हणाली.

उमसुनाईचा हात सवयीनं ताटात गेला, मांस आणि चरबी घेऊन वर आला. नुरिझानं डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं होतं.

हात तिथंच थांबला.

"हिनं जर्दाळू खाल्ले नव्हते, कुलझान," उमसुनाई म्हणाली. "मी चरबी भरवली होती. तू हिला बोललीस, आणि मी मुकाट ऐकत बसले."

मग कुलझाननं लेकीला विचारलं, "अगं, मग सांगायचं नाही का?"

"आजीचा घास होता," नुरिझा हळूच म्हणाली. "मग आजीला बोलली असतीस."

उमसुनाईनं घास ताटात टाकला. नातीला पोटाशी धरावं असं तिला फार वाटलं, पण तो चरबीनं माखलेला हात पुढं करायचा धीर तिला होईना.