राखीव गोलकीपरची आई

गणपतीत आमच्या घरी नॉटिंगहॅममधल्या निम्म्या मराठी माणसांचा राबता असतो. दर वर्षी पुण्या-मुंबईहून नव्याने आलेलं कुणीतरी प्रसादाची वाटी हातात घेऊन मला विचारतंच, "मुलगा काय करतो?"

मी म्हणते, "आइस हॉकी खेळतो. प्रोफेशनल आहे."

"अय्या! किती गोल मारले या सीझनला?"

"मारत नाही, अडवतो. गोलकीपर आहे."

"मग किती अडवले?"

इथे माझा आवाज जरा चढतो. "तो राखीव आहे. बेंचवर असतो." यावर समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जी कीव येते ना, ती बघून मला वाटतं, घ्यावी ती वाटी परत आणि सांगावं, जा घरी. पण मी पुणेरी असले तरी इतकीही पुणेरी नाही. मी तिला बसवते आणि राखीव गोलकीपर म्हणजे काय ते सविस्तर सांगते. ती बिचारी नंतरच्या वर्षी विचारत नाही.

आता तुम्हीही ऐका. एका टीमचे दोन गोलकीपर. एक नंबरचा खेळतो, दोन नंबरचा बसतो. आमच्या मुलाच्या टीमचा एक नंबर कॅनडाहून आणलेला, उंच, शांत, खरंच उत्तम. सरावात त्याला जपायचं असतं, म्हणून अख्ख्या टीमचे फटके आमचा मुलगा अंगावर घेतो. मॅचच्या दिवशी तोही तेवढंच अवजड किट चढवतो आणि बेंचच्या टोकाला बसतो. या खेळात खेळाडू मिनिटामिनिटाला बदलतात. दमलेला आत येतो, ताजा बाहेर जातो. त्यांच्यासाठी बेंचचं बुटकं दार उघडायचं आणि लावायचं, बाटल्या भरून ठेवायच्या, कुणाची काठी मोडली तर दुसरी हातात द्यायची. हे सगळं करताना लक्ष मात्र बर्फावर. एक नंबरला काही झालं की त्याच मिनिटाला, आखडलेल्या अंगाने, जाऊन उभं राहायचं.

मला हे काम समजायला काही जड गेलं नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंटला झोपवायला काही मिनिटं लागतात. उरलेला सगळा वेळ मी त्याच्या उशाशी बसून असते, काहीतरी बिघडलं तर त्या क्षणी तिथे हजर असावं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या बाई नुसत्या बसून पगार घेतात. घेते, आणि तो पगार मला पुरता पचतो.

सुरुवात झाली ती वर्गातल्या एका पोराच्या वाढदिवसाला. पार्टी आइस रिंकवर होती. बाकीची मुलं कठड्याला धरून रडत होती आणि आमचं ध्यान सारखं पडत होतं, पुन्हा पुन्हा उठत होतं आणि खिदळत होतं. मी म्हटलं, एक टर्म जाऊ दे, हौस फिटेल. कसली फिटतेय. ज्युनिअर टीमला गोलकीपर मिळत नव्हता, कारण शहाण्या घरची मुलं मुद्दाम चेंडूच्या वाटेत उभी राहत नाहीत. आणि इथे तर चेंडूही नाही, रबराची टणक चकती, जिला पक म्हणतात. हा म्हणाला, "मी राहतो उभा." पुढची दहा-बारा वर्षं आमच्या गाडीला ओल्या कॅन्व्हासचा आणि घामाचा असा वास यायचा की पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला मी टॅक्सी पाठवायचे.

नवरा जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर आहे. त्याला हा खेळ शाळेपुरता चालणार होता. मुलाने फार्मसीची सीट सोडून क्लबचा करार घेतला, तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर बोलणंच बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायचा, "स्पोर्ट्स सायन्सकडे वळलाय." मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, कसलं सायन्स? बर्फावर उभा राहतो तो." तेव्हापासून तो विषय निघाला की हे महाशय किचनमध्ये चहा टाकायला जातात. चहा मात्र चांगला करतात.

या सीझनला मुलाचा करार संपत होता. चार वर्षं तो या टीमबरोबर होता. बर्फावर उतरलाही होता, पण हरलेल्या मॅचच्या शेपटाला, एक नंबरला विश्रांती म्हणून. एक अख्खी मॅच, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या भोंग्यापर्यंत, त्याला कधी मिळाली नव्हती. जानेवारीत जेवायला आला होता तेव्हा वरणभात कालवता कालवता आपल्या इथल्या मराठीत म्हणाला, "आई, या वर्षी एक पूर्ण मॅच नाही मिळाला तर मी सोडणार. मला फक्त कळायला पाहिजे, मी करू शकतो की नाही."

नवऱ्याने वर बघितलं नाही. मी बघितलं. पोराच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, नुसतं खरं होतं. पण मॅच काही मागून मिळत नाही. ती मिळायची तर दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी बिघडावं लागतं, आणि असं आपण कसं मागायचं देवाजवळ?

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. कॅनडावाल्याची जांघ आदल्या दिवशी सरावात लचकली होती. कॉव्हेंट्रीला मॅच होती. "आई, आज मी आहे. सुरुवातीपासून." माझ्या मागे त्या दिवशी हॉस्पिटलची ऑन-कॉल ड्युटी होती. मी हॉस्पिटलमधल्या एका मैत्रिणीला फोन करून ती तिच्या गळ्यात घातली, तिचे दोन रविवार माझ्या डोक्यावर घेतले आणि साडी नेसू की जीन्स घालू या विचारात पडले. जीन्सच घातली. बाहेर येऊन बघते तर नवरा गाडीत बसलेला, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. मी ड्युटीची अदलाबदल करून तयार होईपर्यंत लेस्टरच्या मिठाईवाल्याकडे जाऊन आला होता. "जिंकल्यावर लागतील," म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा येत होता हा माणूस.

कॉव्हेंट्रीत आम्ही आमच्या टीमच्या समर्थकांच्या घोळक्यात बसलो. दिवे मंद झाले, नावं पुकारली, आणि गोलसमोर माझा मुलगा उभा. बेंचच्या टोकाला त्याच्या नेहमीच्या जागेवर तो कॅनडावाला, पूर्ण किट घालून. पूर्ण मॅच नाही, पण वेळ पडलीच तर थोडं उभं राहता येईल, असं त्याने कोचला सांगितलं होतं. पहिला खेळाडू बदलला, तेव्हा त्याने एक पाय लांब ठेवून, वाकून बेंचचं दार उघडलं. त्या क्षणी मला त्या पोराच्या आईला कॅनडात फोन लावावासा वाटला.

मॅच वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांची असते. पहिल्या भागात मी डोळे मिटूनच होते. नवरा कानात सांगत होता, "अडवला. हाही अडवला. अगं, बघ तरी." हा माणूस, ज्याला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो उभा राहून रेफरीला शुद्ध मराठीत चार शब्द सुनावत होता. दुसरा भाग संपला तेव्हा आम्ही तीन-शून्यने पुढे होतो. पोराने एकही गोल होऊ दिला नव्हता.

आणि इथे आमच्या ह्यांनी घात केला. तिसरा भाग अख्खा बाकी असताना यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. आनंद मावत नव्हता, दुसरं काय. शेजारच्याला पेढा, त्याच्या बायकोला पेढा, मग मागे वळून एका वयस्क बाईंपुढे बॉक्स धरला आणि म्हणाला, "माय सन. झिरो गोल्स."

त्या बाई अशा मागे सरकल्या की जणू त्याने विंचू पुढे केला. एकाने तर अर्धा खाल्लेला पेढा हातातच धरला. मॅच चालू असताना गोलकीपरने शून्य राखलंय हे बोलायचं नसतं. खेळाडू बोलत नाहीत, कोच बोलत नाही, समर्थकही नाही. आपण तान्ह्या बाळाला "किती गुटगुटीत" म्हणत नाही, तसंच. आणि आम्ही? आम्ही तर गोड वाटत सुटलो होतो. मी बॉक्स हिसकावून घेतला, झाकण लावलं आणि पायाखाली ठेवला. "दृष्ट लावलीत स्वतःच्या पोराला," मी म्हटलं. एमआरसीजीपीसारखी डॉक्टरकीची परीक्षा पास झालेला हा माणूस बॉक्सकडे बघत म्हणाला, "मीठमोहरी कुठे मिळेल गं इथे?"

तिसऱ्या भागात पाच मिनिटांच्या आत आमच्यावर दोन गोल झाले. मी नवऱ्याकडे बघितलंही नाही. मला भूलशास्त्र येतं, तरी मला तेव्हा खात्री होती की हे पेढ्यांमुळेच झालं. मागच्या बाईंनाही होती.

मग मात्र पोर असं उभं राहिलं की काय सांगू. पाय फाकवून बर्फावर बसायचा, उठायचा, गर्दीतून मान काढून पक शोधायचा. मी डोळे मिटले नाहीत आता. शेवटची दोनेक मिनिटं उरली तेव्हा समोरच्यांनी आपला गोलकीपर काढून जास्तीचा खेळाडू घातला आणि सगळे आमच्या गोलवर तुटून पडले. एक फटका सरळ त्याच्या मुखवट्यावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. तो पडला. शिट्टी झाली.

नवरा उभा राहिला. मीही. टीमचा फिजिओ बर्फावरून धावत गेला आणि त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला. घड्याळात एक मिनिट उरलं होतं. मी पोराची आई आहे, मला माहीत होतं त्याला काय हवंय ते. एक मिनिट. चार वर्षं आणि एक मिनिट. त्याने फक्त म्हणायचं होतं, "मी ठीक आहे." इथले खेळाडू दात हातात घेऊन असं म्हणतात. फिजिओही ऐकून घेतात कधीकधी. आणि मी डॉक्टरही आहे, त्यामुळे मला हेही कळत होतं की त्याने तसं म्हणू नये. या दोन्ही बायका माझ्या आत एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

तो उठून बसला. फिजिओने काहीतरी विचारलं. पोराने वर बोर्डावरच्या घड्याळाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग त्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि स्वतःच बेंचकडे हात केला. कॅनडावाला लंगडत आला. दोघांनी एकमेकांच्या डोक्याला डोकं टेकवलं आणि माझा मुलगा फिजिओच्या खांद्यावर हात टाकून आत गेला. आम्ही ते एक मिनिट बघितलं नाही. जिन्यावरून खाली पळत असताना भोंगा वाजला आणि आमच्या लोकांचा आरडाओरडा ऐकू आला, त्यावरून कळलं, जिंकलो.

मेडिकल रूमच्या दाराशी रिंकच्या स्टुअर्डने अडवलं. माझा नवरा या देशात प्रत्येक बंद दार "आय ॲम अ डॉक्टर" म्हणून उघडत आलाय. शाळेत, विमानात, एकदा तर गर्दीच्या रेस्टॉरंटमध्येसुद्धा. मी वाट बघत होते त्या वाक्याची. तो म्हणाला, "आय ॲम द गोलकीपर्स फादर." स्टुअर्ड बाजूला झाला.

पोर टेबलावर बसलं होतं, घामाने निथळत. मी फोनच्या टॉर्चने त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, मान बघितली, आजचा वार विचारला. सगळं ठीकठाक होतं, पण प्रकाश त्याला सहन होत नव्हता.

"दोन पक दिसत होता, आई," तो म्हणाला. "मी बोललो असतो ठीक आहे, तर त्यांनी ठेवलं असतं मला. पण मी चुकीचा अडवला असता तर? सगळ्यांचा मॅच होता." मग खाली बघत म्हणाला, "पूर्ण नाही झाला माझा."

कोचने दारातून डोकं आत घातलं. म्हणाला, घरी जा, झोप, आणि तुला मी एकच दिसायला लागलो की ये, पुढच्या वर्षाच्या करारावर सही करायची आहे. पोर हसलं आणि लगेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी टॉर्च बंद केला. आमच्याकडे मुलांना तोंडावर फारसं चांगलं म्हणत नाहीत, माझ्या आईने मला कधी म्हटलं नाही. मी त्याचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "ऑपरेशन चालू असताना स्वतःचा हात थरथरतोय हे कबूल करून सुरी खाली ठेवणारे सर्जन मी आयुष्यात फार थोडे बघितलेत. जे बघितले, त्यांच्याच हाती मी माझा पेशंट निर्धास्त सोपवते. तू विचारलं होतंस ना, करू शकतो की नाही? केलंस."

नवरा टेबलापाशी खाली बसला होता, पोराच्या पायांवरच्या जीर्ण, भिजलेल्या पॅडचे पट्टे एकेक करून सोडवत. त्याला ते कसे सुटतात ते माहीत नव्हतं. पोराने वाकून त्याला दाखवलं.