अख्खी नववी पंधरा दिवसांत बरी झाली

खरं तर हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. मॅडमनी तसं बजावलं होतं. पण माझी फजिती इतकी मोठी आहे की पोटात राहत नाही. तेव्हा ऐका, आणि ऐकून सोडून द्या.

वाशिमहून एक मॅडम एसटीनं मेडशीला, आमच्या शाळेत आल्या. मुलांच्या मनाला काय त्रास होतो हे समजावं म्हणून त्या एक प्रश्नावली तयार करत होत्या. 'झोप लागत नाही', 'उगाच रडू येतं', 'लोकांसमोर बोलायची भीती वाटते', 'छातीत धडधडतं' अशी वाक्यं. प्रत्येकापुढे 'कधीच नाही', 'कधी कधी', 'नेहमी'. आपल्याबद्दल आपणच खूण करायची.

"यात बरोबर-चूक काही नसतं," मॅडम म्हणाल्या. "आणि आपली उत्तरं कोणाला सांगायची नाहीत."

मी खरं खरं लिहिलं. माझ्या खुणा 'नेहमी'कडे इतक्या झुकल्या होत्या की कागदच वाकडा दिसत होता!

पंधरा दिवसांनी मॅडम परत आल्या आणि त्यांनी तोच कागद वाटला. अगदी तोच! कागद वाटून त्या दारात मुख्याध्यापकांशी बोलत उभ्या राहिल्या.

शेजारच्या शबानानं मला कोपर मारलं. "गौरे, आपन नापास झालो."

"काहून?"

"मंग तोच पेपर परत कायले देईन कोनी?"

तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? आमचे गणिताचे सर असंच करतात. वर्ग आपटला की तोच पेपर पुन्हा, सगळे पास होईपर्यंत!

मागच्या बाकावरून कुजबुज आली, "गौरी, सांग न व, बरोबर काय हाय?"

एरवी मी कोणाच्या लक्षात नसते. पेपरात मात्र सगळ्यांची लाडकी. मी विचार केला. शहाणी मुलं रडत नाहीत, घाबरत नाहीत. उत्तर उघडच होतं.

"साऱ्यायले 'कधीच नाही'," मी हळूच म्हणाले. मग कॉपी पकडली जाऊ नये म्हणून वर अक्कलही लढवली. "धडधडीले तेवढं 'कधी कधी' करा."

मॅडमनी कागद गोळा करून तिथंच चाळले. चाळता चाळता खुर्चीत बसल्या.

"सर, पंधरा दिवसांत अख्खा वर्ग बरा झाला! फक्त छाती धडधडते. तीही सगळ्यांची सारखीच."

मुख्याध्यापक फुलून गेले. "प्रार्थनेनंतर योगासनं घेऊन राह्यलो न मॅडम! पेपरात बातमी द्याची का?"

मॅडम हसल्या नाहीत. "उत्तरं जुळतात का ते बघायला आम्ही तोच कागद दोनदा देतो. एवढी फिरली, तर प्रश्नावली भरवशाची नाही. वर्षभराचं काम मोडीत काढावं लागेल."

वर्षभराचं! माझ्या एका कुजबुजीनं!

"चूप बस," शबाना पुटपुटली. तसं मला चूप बसायला शिकवावं लागत नाही. पण मॅडमचा चेहरा पाहवेना. मी उभी राहिले. धडधड 'कधी कधी'ची तर मुळीच नव्हती.

"मॅडम, म्याच सांगतलं साऱ्यायले. आमाले वाटलं, आमी नापास झालो."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"दोनदा का देते हे मीच सांगायला हवं होतं. आता कागदावर सगळ्यात वर काय छापू, ते तूच सांग."

मी सांगितलं, 'हा पेपर नाही. यात कोणी नापास होत नाही. परत दिला तरी घाबरू नका.'

पुढच्या महिन्यात मॅडम ते छापून घेऊन आल्या. सगळ्यांनी मनापासून खुणा केल्या. मीही केल्या. फक्त कागद देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, पह्यला नंबर कोनाचा?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. आता एवढं सांगितलंच आहे, तर लोकांसमोर बोलायच्या भीतीपुढे मी त्या दिवशी कोणती खूण केली तेही सांगते. मी तिथे—

घरातून आईची हाक आली, "गौरे! लपून नको बसू! पाहुने आले, पानी आन!"