खंडेरावचा हात आणि बिनवायरचा रिमोट

ज्याचं पोट हातावर, त्याचा हातच रुसला तर त्यानं बघावं कुणाकडं? खंडेरावचं नेमकं तसंच झालं. पोरपणी त्यानं बापाबरोबर मेंढ्या कातरल्या आणि मेंढरं विकल्यावर चितेगावच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर हात बसवला. दोन हजार सोळाच्या कोरड्याठाक उन्हाळ्यात पैठण रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. कारखान्यातल्या साहेबांनी त्याची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती.

बोटं हलती ठेवा, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला. चेंडू दाबत बसणं खंडेरावला पोरकट वाटे. मग त्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीनं, अंबिकानं, शहागंजच्या बाजारातून गेम खेळायचा रिमोट आणला. तो दोन्ही हातांत धरायचा आणि अंगठ्याबोटांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची गाडी पळवायची. वायरनंही चालतो, बिनवायरचाही चालतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. बापाला खाटेवरूनच खेळता यावं म्हणून अंबिकानं वायर डब्यातच ठेवली आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा छोटा रिसीव्हर आपल्या जुन्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूनं लावला. चेंडूला नावं ठेवणारा हा माणूस शर्यतीला मात्र असा चिकटला, की बायकोला, बानाबाईला, जेवणासाठी दोनदोनदा हाका माराव्या लागत.

सुरुवातीला गाडी उशिरानं वळायची. बोट दाबलं तरी ती सरळ जाऊन भिंतीवर आदळायची. चारपाच दिवसांत मात्र बोटाबरोबर वळू लागली. बोटं सुटली म्हणून खंडेरावनं शेजारच्या कडूबालाही खेळ दाखवला. दुसऱ्याच दिवशी नळ आला. त्या साली नळ कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून बानाबाईनं नेहमीप्रमाणं खोलीतली सगळी पिंपं काठोकाठ भरली. संध्याकाळी खंडेराव खेळायला बसला, तर गाडी पुन्हा भिंतीवर. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. काल वळणारा हात आज मेला, असंच त्याला वाटलं आणि त्याचा धीर सुटला.

“साह्येबाला सांगून टाक,” तो बानाबाईला म्हणाला. “म्हणावं, दुसरा माणूस बघा. ह्यो हात काय आता कामाचा नाय.”

बानाबाईच्या मनात नवऱ्याचा राग होता, आणि त्याहून जास्त भीती होती. अंबिकाला मात्र बापाची माघार सहन होईना. बघू तरी कुठं अडतंय, म्हणून ती रिमोट घेऊन खाटेवर बसली. तिनं गाडी वळवली. गाडी भिंतीवर आदळली.

“आबा,” ती म्हणाली, “मंग माझ्या हाताला काय झालं?”

अंबिकानं डब्यातली वायर काढली, रिमोट कॉम्प्युटरला जोडला आणि बापाला टेबलाजवळ स्टुलावर बसवलं. वायर आखूड होती, खाटेपर्यंत पोचलीच नसती. त्यानं भीत भीत अंगठा दाबला. गाडी वळली. पुन्हा दाबला, पुन्हा वळली. खाट आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये भरलेल्या पिंपांची रांग उभी होती, आणि रिमोटचा सिग्नल त्या पाण्यातच जिरत होता. पाणी जसं उपसलं जाई, तशी गाडी सुधारायची. एवढंच होतं. आपण उगाच आपल्या हाताला दोष दिला, हे कळल्यावर त्या दांडग्या माणसाला रडू आवरेना.

“हात हाय गं,” एवढंच तो म्हणाला.

साहेबांकडं निरोप गेलाच नव्हता, हे बानाबाईनं तेव्हा सांगितलं. महिना संपायच्या आत खंडेराव चितेगावला गेला. लेथचं चाक त्याच्या बोटांनी हळूच फिरलं, पण त्यानं फिरवलं त्याच क्षणी फिरलं.