कावुम्बे

पाटोद्याच्या बाजारामागे एके काळी पत्र्याचा व्हिडिओ हॉल होता. तिथे कुंग-फूचे चिनी सिनेमे लागत आणि त्यातलं अवाक्षर कुणाला कळत नसे. म्हणून इसाक पडद्याशेजारी माइक धरून उभा राहायचा आणि चिनी ऐकल्यासारखं करून मराठीत ठोकून द्यायचा. त्यालाही चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हीरो नाक फुगवून ओरडला की इसाक 'का रे?' म्हणायला खास वऱ्हाडी ढंगात गरजायचा, "कावून बे!" त्यावर सगळा हॉल शिट्ट्यांनी दणाणून जायचा.

हॉल बंद पडला. इसाक मोटारसायकली दुरुस्त करू लागला, साठीला आला, तिरसट झाला. गिऱ्हाइकांशी भांडायचा, शेजाऱ्यांशी भांडायचा. 'चिनी मास्तर' म्हणून कुणी हाक मारली की तेवढ्यापुरता निवळायचा. जन्मभराची एवढीच काय ती मिळकत.

यंदा उन्हाळ्यात त्याची नात समिना कराटेच्या क्लासला जाऊ लागली. एका दुपारी अंगणात लाथ झाडून ती ओरडली, "कावुम्बेऽऽ!"

इसाकच्या हातातला पाना खाली पडला. "काय म्हनलीस?"

"चिनी शब्द हाय, नाना. वाघाची झेप! सरांच्या कॉमिकमधी पन हाय."

सर म्हणजे सोमनाथ. हॉलमध्ये पुढच्या रांगेत आ वासून बसणारा सोमन्या! इसाक तसाच काळ्या हातांनी क्लासवर गेला. भिंतीवर बुरखेधारी हीरो रंगवलेला, खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत 'कावुम्बे'. मोबाइलवर त्याचं कार्टूनही सुरू होतं.

"सोमन्या, ह्यो शब्द माजा हाय बे."

"तुमचा कसा, चाचा?" सोमनाथ थंडपणे म्हणाला. "तुमी तर चिनी ऐकून बोलायचात. का चिनी येतच नव्हतं तुमाला?"

क्लासात चार पालक बसले होते. इसाकचा चेहरा लालबुंद झाला. शब्द मागावा तर अब्रू जात होती. तो दात-ओठ खात परत आला आणि आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नाही. सोमन्याचा त्याला इतका राग आला होता की जेवण गोड लागेना.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिकं झाली. साठ पोरं पांढऱ्या कपड्यांत उभी होती, पहिल्याच रांगेत समिना. सोमनाथने माइक घेतला. "पोरं लाथ मारायला ज्या मंत्राची वाट बघतायत, तो मला चीनमधल्या गुरूंनी दिला."

इसाकचं डोकंच फिरलं. तो खुर्ची लोटून उठला. "खोटं! ह्यो बीडच्या पुढं गेलता का कधी? शब्द माजा हाय! मला चिनी येत न्हाई, कधीच येत नव्हतं!"

मागून खो-खो हसू आलं. "चिनी मास्तर!" कुणीतरी खिजवलं.

"चाचा, खाली बसा," सोमनाथ म्हणाला.

इसाक अंगातलं सगळं बळ एकवटून ओरडला, "कावून बे?"

साठ लाथा एका झटक्यात हवेत गेल्या. "हूऽऽ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सोमनाथने लोकांना हात जोडून मान लववली. समिनाची लाथ सगळ्यांत उंच गेली होती.