डिकीवरचा पंख

माझ्या नवऱ्याला गाडीचं वेड आहे असं लोक म्हणतात. वेड म्हणणं हा त्यांचा मोठेपणा आहे, मी घरात वेगळे शब्द वापरते. लग्नाच्या वाढदिवसाला हा मला घेऊन गेला तो थेट चाकांच्या दुकानात. "बघ ना, ही काळी कशी दिसतील?" मी म्हटलं, "गोल दिसतील." दुकानदार हसला, हा नाही हसला. चाकं घेतली आणि मला बाहेर उभ्याउभ्या चहा पाजला.

गाडी म्हणाल तर काय, चंदेरी रंगाची, सेकंडहँड, चारचौघींसारखी. पण शोरूमवाल्यांनी जिथे म्हणून हात थांबवला होता, तिथून याने सुरुवात केली. आरशांना काळ्या टोप्या, बॉनेटवर हवा न घेणारं खोटं नाक, दारांच्या खाली लाल पट्टी. सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगच्या खाली हा गाडीखाली झोपलेला आणि मी वरून हाका मारतेय, हे सगळ्या शेजाऱ्यांना पाठ झालं होतं.

एकदा मात्र माझा पारा चढला. मी खाली गेले आणि विचारलं, "हिच्यात असं काय कमी आहे, म्हणून रोज काहीतरी चिकटवतोस?"

माझा नवरा बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. समोर पांढरा उजेड आणि त्याच्यापुढून रिकाम्या बाटल्या सरकत जातात. एखादीच्या मानेत बुडबुडा असतो, एखादी किंचित तिरकी असते. जी वेगळी दिसेल ती उचलायची आणि भंगाराच्या पेटीत टाकायची, एवढंच काम. कामावर त्याला मौनी म्हणतात. त्या दिवशी मौनी बोलला.

"दिवसभर मी वेगळं दिसलं की काढून टाकतो," तो फडकं पिळत म्हणाला. "सुटल्यावर पार्किंगमध्ये येतो, तर तिथेही सगळ्या सारख्याच. ही नवीन घेतली तेव्हा एकदा दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावत बसलो होतो. तेव्हा वाटलं, उद्या माझ्या जागी दुसरा कुणी घरी गेला तर कुणाला कळेल का?"

"मला कळेल," मी म्हटलं. "तो भांडी आवरेल."

पण वर आल्यावर मला जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मीच त्याला सीटची कव्हरं शिवून दिली.

या सगळ्यात त्याचा एकच साथीदार होता, अण्णा. म्हणजे माझे सासरे. अण्णा सुतार. आयुष्यभर लोकांची कपाटं केली, आमच्या कपाटाचं दार मात्र शेवटपर्यंत चिकटत राहिलं. बापलेकाचं बोलणं फार नव्हतं. "जेवलास का", "हो", संपलं. पण याने मागच्या डिकीवर पंख बसवायचं काढलं, रेसच्या गाड्यांना असतो तसला, आणि बाजारातला प्लास्टिकचा पंख घरी आणला. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. "हा पंख आहे का कोंबडीचं हाड?" म्हणाले आणि स्वतःच रंधा घेऊन बसले.

कित्येक संध्याकाळी दोघं त्या लाकडावर वाकलेले असायचे. एक धरायचा, एक तासायचा. अण्णा दर थोड्या वेळाने डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. "डोळा फसतो, हात नाही फसत," म्हणायचे. पंख झाल्यावर याला तो काळा रंगवायचा होता. अण्णा म्हणाले, "लाकडाला रंग फासलास तर माझ्याशी बोलू नकोस." तसंही ते फारसं बोलत नव्हतेच, पण याने ऐकलं. नुसतं पॉलिश केलं. चंदेरी गाडीवर तो लाकडी पंख इतका विजोड दिसायचा की सिग्नलला माणसं काच खाली करून बघायची. मला आधी लाज वाटायची. मग मी खिडकीत कोपर टेकून बसायला लागले.

नंतर अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग सासूबाई गेल्यात हे. दिवसा घरात कुणी नाही, म्हणून आम्ही त्यांना म्हाताऱ्यांच्या केंद्रात ठेवायला लागलो. सकाळी मी सोडायचे, संध्याकाळी हा आणायचा. एक दिवस हा परत आला तो तोंड उतरवूनच.

"अण्णा मला अहो म्हणाले," तो म्हणाला. "गाडीत बसताना म्हणाले, अहो, दार जरा जपून लावा."

मुलगा ओळखू येत नव्हता. पण गाडी येत होती. गाडी दिसली की अण्णा खूश व्हायचे, पुढे बसायचे, आणि घरी येईपर्यंत कुठेतरी मध्येच याला "अरे" म्हणायचे. त्या एका "अरे"साठी हा कामावरून पळत सुटायचा. मी पाहिलंय. आल्या आल्या मला सांगायचा, "आज पुलाजवळ म्हणाले." दुसऱ्या दिवशी, "आज अगदी घराजवळ." मग माझीच नजर रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे लागायची.

तेवढ्यात केंद्रातल्या मावशींनी तक्रार केली. अण्णा फाटकाबाहेर पडतात आणि उभ्या असलेल्या प्रत्येक चंदेरी गाडीच्या मागे जाऊन बघतात. एकदा गाडी मागे घेणाऱ्या बाईने त्यांना जवळजवळ उडवलंच होतं. याने त्यावर विचार केला, आणि याचा विचार म्हणजे शेवटी गाडीतूनच जाणार.

"त्यांना आपली गाडी लांबून ओळखू येत नाही," तो म्हणाला. "अशी करतो की फाटकातूनच दिसली पाहिजे."

त्याने गाडीला नारिंगी फिल्म चढवली. चिकटणारा प्लास्टिकचा कागद असतो तसली. नाकापासून डिकीपर्यंत, पंखासकट. रात्री दिवे घालवले तरी दिसेल असा भडक रंग. त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले. अण्णा फाटकात आले, गाडीकडे पाहिलं आणि मावशींचा पदर धरून मागे सरकले.

"अण्णा, चला, घरी," हा म्हणाला.

"मी परक्याच्या गाडीत बसत नाही."

"आपलीच आहे."

"आपली चंदेरी आहे," अण्णा म्हणाले. "तुम्ही कोण?"

त्यानंतर जे दिवस गेले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. बसमध्ये अण्णा चढत नव्हते, टॅक्सीला बघून ओरडत होते. शेवटी हा त्यांना चालवत आणायचा. मोठ्या रस्त्याच्या कडेने हे दोघं पुढे, आणि मागून मी ती भडक गाडी मुंगीच्या पावलांनी चालवतेय, माझ्या मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकदा अण्णा रस्त्यातच खाली बसले. याने त्यांना पाठीवर घेतलं, तर त्यांनी याच्या कानावर बुक्के मारले. "मला पळवून नेतायत," ते येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होते. दोन माणसं थांबलीसुद्धा. याने त्यांना खिशातून आपलं आणि अण्णांचं ओळखपत्र काढून दाखवलं, आडनाव सारखं आहे बघा म्हणून. स्वतःच्या बापासाठी.

केंद्राच्या बाईंनी आम्हाला आत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "रोज हे झेपायचं नाही, तुम्हालाही आणि त्यांनाही. आमचं शहराबाहेर कायमचं राहण्याचं केंद्र आहे. महिनाअखेर एक जागा रिकामी होते. विचार करा."

गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, "तिथे गेले तर संपलं. तिथे मला कोण अरे म्हणणार?"

त्याने रजा टाकली आणि फिल्म काढायला बसला. माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन गेला, तो मला परत मिळालाच नाही. फिल्म तापवायची, कोपरा नखाने उचलायचा, हळू ओढायची. पण ती हळू यायला तयार नव्हती. फिल्म घट्ट बसावी म्हणून या शहाण्याने आधी गाडीचा मूळ रंग पॉलिशपेपरने घासला होता. इतर सगळे नुसतं पुसून लावतात, याला अर्धवट काम चालत नाही. त्यामुळे फिल्मबरोबर चंदेरी रंगाचे पापुद्रे सुटून यायला लागले. खालून राखाडी पत्रा दिसायला लागला. मी वरून पाहत होते. तो एक पट्टा ओढायचा आणि गाडीवर डोकं टेकून उभा राहायचा. मग पुढचा.

मी खाली जाऊन म्हटलं, "रंगवून घेऊ ना परत. रडतोस काय."

"अगदी जशी घेतली तशी करणार," तो म्हणाला. "मी काहीतरी चिकटवलं म्हणूनच ते बिथरले. एक वस्तू जास्त नको."

बोटांची सालं निघाली तरी थांबला नाही. काळी चाकं गेली, नाक गेलं, लाल पट्टी गेली. शेवटी पंखाचे नट सोडवले, डिकीवरची भोकं पुट्टीने बुजवली आणि सगळी गाडी चंदेरी मारून घेतली. रंग वाळला तेव्हा ती रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखी दिसत होती. एवढ्या वर्षांचं त्याचं काही म्हणून उरलं नव्हतं. पंखावरची फिल्म तेवढी त्याने सोलून काढली, आणि फेकवेना म्हणून पंख मागच्या सीटवर टाकून दिला.

जागेचं उत्तर द्यायचा तो दिवस होता. आम्ही फाटकासमोर गाडी लावली. याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलगी बघायला आल्यासारखा. अण्णा आले. गाडी पाहून थांबले. मावशींचा हात सोडून चालत पुढे आले, आणि माझ्या नवऱ्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

अण्णा दारापाशी थांबले नाहीत. सरळ मागे गेले. डोळे मिटून डिकीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बुजवलेल्या भोकांवर हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मान हलवली.

"नाही," म्हणाले. "माझ्या मुलाच्या गाडीला पंख आहे."

तेव्हा कळलं ते प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन काय बघत होते. आमच्या दोघांच्या डोक्यात एकदम उजेड पडला, पण कधी, तर सगळं सोलून झाल्यावर.

हा धडपडत मागच्या सीटकडे गेला. पंख बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी डिकीवर धरून उभा राहिला. पंख पत्र्यावर टकटक वाजत होता. "अण्णा, हा बघा. हा तुम्ही केलाय. ही आपलीच गाडी आहे, अण्णा. मी आहे."

अण्णा जवळ आले. पंखावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो उजेड गेला.

"हा माझ्या मुलाचा आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे कसा आला? काढलात का तुम्ही त्याच्या गाडीवरून?"

"हो," नवरा म्हणाला. "मीच काढला."

अण्णांनी पंख त्याच्या हातातून ओढून घेतला. तो छातीशी धरून फाटकाशेजारच्या बाकावर जाऊन बसले. मावशी समजवायला गेल्या, त्यांना म्हणाले, "मी इथून हलणार नाही. तो कामावरून सुटला की येतो. त्याला शोधत बसायला नको."

बाईंनी दारातून विचारलं, "मग जागेचं काय करायचं?" माझा नवरा गेला आणि अण्णांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला.

"तुम्ही कुणाची वाट बघताय?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या मुलाचीच," तो म्हणाला.